क्वांटम भाषेच्या पार्सरमध्ये मापन विधान जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरला दर शनिवारी दुपारी आम्ही काहीजण एकत्र बसून ओपन-कॅझम या क्वांटम संगणकासाठीच्या भाषेचा पार्सर, म्हणजे प्रोग्रामचा मजकूर वाचून त्याची रचना ओळखणारा भाग, हाताने लिहितो. माटुंगा-पार्ल्याच्या महाविद्यालयांतले विद्यार्थी येतात, तसे ऐरोली आणि पवईच्या कार्यालयांत आठवडाभर वेगळेच काम करणारे प्रोग्रामरही येतात. गेटची, म्हणजे क्यूबिटवर (क्वांटम बिटवर) करायच्या क्रियांची, विधाने वाचणारा पार्सर बहुतेकांना दोन-तीन बैठकांत जमतो. अडखळतात ते मापनाच्या विधानापाशी. त्याविषयी पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने येथे लावले आहेत. नमुन्याच्या ओळी उच्चारानुसार देवनागरीत उतरवल्या आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये त्या रोमन लिपीतच लिहायच्या असतात.

१. मापन विधान म्हणजे नेमके काय? गेट लावण्याच्या विधानापेक्षा ते वेगळे का धरायचे?

मापन विधान एका किंवा अनेक क्यूबिटांचे मापन करते आणि त्याचे उत्तर साध्या बिटांत ठेवते. उदाहरणार्थ, `मेझर क्यू[०] -> सी[०];` या ओळीचा अर्थ असा की क्यू रजिस्टरमधला शून्य क्रमांकाचा क्यूबिट मोजावा आणि मिळालेला ० किंवा १ सी रजिस्टरच्या शून्य क्रमांकाच्या बिटात लिहावा.

दिसायला ही ओळ गेटच्या विधानासारखीच आहे, पण गेटची क्रिया उलटवता येते आणि मापनाची येत नाही. शून्यावस्थेतल्या क्यूबिटवर हॅडामार्ड गेट लागोपाठ दोनदा लावले तर तो मूळ अवस्थेत परत येतो. मधे मापन केले तर ० किंवा १ समान शक्यतेने हाती येतो आणि आधीचे अध्यारोपण (० आणि १ यांची मिश्र अवस्था) कायमचे जाते. शिवाय गेटच्या विधानात फक्त क्यूबिट आणि गेटचे कोन येतात, तर मापनाच्या विधानात क्यूबिट आणि साधा बिट हे दोन्ही एकाच ओळीत भेटतात. म्हणून 'मेझर' नावाचे आणखी एक गेट यादीत घालून काम भागवण्याचा मोह टाळावा. पुढे टाइप तपासताना, गेट उलटवताना आणि सर्किट छोटे करताना प्रत्येक ठिकाणी त्या एका नावासाठी अपवाद लिहीत बसावे लागते.

२. काही ठिकाणी बाण दिसतो, काही ठिकाणी बरोबरचे चिन्ह दिसते. यांतली बरोबर रचना कोणती?

दोन्ही बरोबर आहेत. फरक आवृत्तीचा आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ओपन-कॅझम २ मध्ये एकच रचना आहे, ती बाणाची: `मेझर क्यू -> सी;`. ओपन-कॅझम ३ मध्ये `सी = मेझर क्यू;` ही रचना मुख्य मानली आहे, परंतु जुने प्रोग्राम वाचता यावेत म्हणून बाणही कायम ठेवला आहे. घोषणेच्याच ओळीत `बिट[२] सी = मेझर क्यू;` असेही लिहिता येते.

इतर भाषांत चित्र आणखी वेगळे आहे. २०१६ मध्ये आलेल्या क्विल भाषेत आता `मेझर ० आरओ[०]` अशी बाण नसलेली रचना आहे, तर मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये आणलेल्या क्यू शार्पमध्ये मापनासाठी स्वतंत्र विधानच नाही. तेथे ते एक फंक्शनसारखे बोलावले जाते आणि उत्तर म्हणून 'झीरो' किंवा 'वन' मिळते. या पानावरची उत्तरे ओपन-कॅझमपुरती आहेत.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी बाणाची रचना हाताळावी असे आम्ही सुचवतो. ओळ राखीव शब्दाने सुरू होत असल्यामुळे पहिल्याच टोकनवर (ओळीतल्या शब्दाच्या किंवा चिन्हाच्या सुट्या तुकड्यावर) निर्णय होतो. बरोबरच्या चिन्हाच्या रचनेत तसे होत नाही. ती अडचण प्रश्न ६ मध्ये आहे.

३. यासाठी खरे क्वांटम यंत्र लागते का? मुंबईत तसे काही आहे का?

पार्सर लिहिण्यासाठी यंत्र लागत नाही, साधा लॅपटॉप पुरतो. मुंबईत मात्र यंत्र आहे: कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने डीआरडीओची पुण्यातली तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्यासह ६ क्यूबिटांच्या अतिसंवाहक प्रोसेसरची चाचणी २०२४ मध्ये पूर्ण केली. क्लाउडवरच्या पानावरून सर्किट पाठवायचे, ते यंत्रावर चालवायचे आणि उत्तर पुन्हा त्या पानावर आणायचे, असे त्या चाचणीचे स्वरूप होते. पानावर परत येते ते उत्तर म्हणजे मापनातून मिळालेले साधे बिटच असतात. मापन नसलेले सर्किट यंत्रावर कितीही सुंदर चालले, तरी त्यातून वाचण्यासारखे काही हाती येत नाही. या एका विधानावर आम्ही एवढे पान खर्च करतो, त्याचे कारण हेच आहे.

४. लेक्सरमध्ये काय बदल करावे लागतात?

लेक्सर म्हणजे मजकुराची टोकने पाडणारा भाग. त्यात तीन बदल पुरतात. पहिला बदल बाणाचा आहे. वजाबाकीचे चिन्ह दिसताच टोकन तयार न करता पुढचे अक्षर पाहावे आणि ते 'पेक्षा मोठे' हे चिन्ह असेल तर दोन्ही मिळून एकच टोकन करावे. बाणाच्या दोन अक्षरांमध्ये रिकामी जागा असेल तर तो बाण नव्हे.

दुसरा बदल राखीव शब्दाचा आहे. आधी पूर्ण शब्द वाचावा आणि मगच तो राखीव शब्दांच्या यादीत आहे का ते पाहावे. 'मेझर' ही अक्षरे दिसताक्षणी टोकन कापणारा लेक्सर 'मेझरमेंट' नावाच्या चलाचे दोन तुकडे करतो. ही चूक दरवर्षी कोणाच्या तरी पार्सरमध्ये सापडतेच. ओपन-कॅझममध्ये लहान आणि मोठी रोमन अक्षरे वेगळी मानली जातात, त्यामुळे मोठ्या अक्षराने सुरू होणारा तोच शब्द राखीव ठरत नाही.

तिसरा बदल फक्त आवृत्ती ३ साठी लागतो. तेथे यंत्रावरचा प्रत्यक्ष क्यूबिट `$०` असा डॉलरच्या चिन्हाने दाखवतात आणि `मेझर $०;` हे वैध विधान आहे. डॉलर आणि त्यामागचे अंक मिळून एकच टोकन करावे.

५. व्याकरणाचे नियम कसे लिहावेत? मापनाला सरळ राशी (एक्सप्रेशन, म्हणजे मूल्य देणारी रचना) मानले तर ते सगळीकडे आपोआप चालणार नाही का?

आपोआप चालेल, आणि नेमके तेच नको आहे. हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

बेरीज, तुलना आणि फंक्शनची हाक ज्या नियमातून येतात त्या 'राशी'च्या नियमात मापन घातले, तर पार्सर `मेझर क्यू[०] && मेझर क्यू[१]` ही ओळ बिनतक्रार स्वीकारतो. बहुतेक भाषांत 'आणि' या क्रियेची डावी बाजू खोटी निघाली की उजवी बाजू पाहिलीच जात नाही. हॅडामार्ड लावलेल्या दोन क्यूबिटांवर ही ओळ चालवली तर निम्म्या वेळा दुसरा क्यूबिट मोजला जाईल आणि निम्म्या वेळा तो अध्यारोपणातच राहील. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या मनात असे काहीही नसते. त्याला फक्त दोन उत्तरे हवी असतात. साध्या भाषेत राशीचे मूल्य काढण्याचा क्रम बदलला तर बहुधा बिघडत नाही, पण येथे मापन करणे म्हणजेच जगाची अवस्था बदलणे असते. त्याशिवाय `मेझर क्यू[०] + १` यात बेरीज आधी की मापन आधी, असे अग्रक्रमाचे प्रश्न उभे राहतात आणि त्यांना पटण्यासारखे उत्तर सापडत नाही.

म्हणूनच ओपन-कॅझम ३ च्या अधिकृत व्याकरणात मापनाचा नियम राशीच्या नियमाबाहेर ठेवला आहे आणि तो मोजक्या जागीच बोलावला आहे. सोपे करून लिहिले तर तो असा दिसतो:

```
मापन        : 'मेझर' गेट-लक्ष्य
गेट-लक्ष्य   : अनुक्रमित-नाव | प्रत्यक्ष-क्यूबिट
मापन-विधान  : मापन ( '->' अनुक्रमित-नाव )? ';'
मूल्य-विधान : अनुक्रमित-नाव '=' ( राशी | मापन ) ';'
घोषणा       : प्रकार नाव ( '=' ( राशी | मापन ) )? ';'
परत-विधान   : 'रिटर्न' ( राशी | मापन )? ';'
```

या नियमांमुळे एका विधानात फार तर एकच मापन येऊ शकते आणि ते केव्हा होईल याबद्दल शंका उरत नाही. आवृत्ती २ साठी शेवटचे तीन नियम गाळावेत, तिसऱ्या नियमातला बाणाचा भाग सक्तीचा करावा आणि लक्ष्य म्हणून साधे नाव किंवा एका अंकाने अनुक्रमित नाव एवढेच स्वीकारावे.

६. हाताने लिहिलेल्या पार्सरमध्ये `सी[०] = मेझर क्यू[०];` ही ओळ ओळखायची कशी? ओळीची सुरुवात तर साध्या नावाने होते.

आवृत्ती ३ मध्ये नावाने सुरू होणारी ओळ अनेक प्रकारची असू शकते. `एच क्यू[०];` हे गेट आहे, `आरएक्स(०.५) क्यू[०];` हे कोन घेणारे गेट आहे, `फ(३);` ही फंक्शनची हाक आहे आणि `सी = मेझर क्यू;` हे मापन आहे. नावानंतरचे टोकन बरोबरचे चिन्ह असेल किंवा दुसरे नाव असेल तर निर्णय तेथेच होतो. कंस असेल तर तो वाचून पुढे अर्धविराम आहे की क्यूबिटचे नाव आहे ते पाहावे.

खरी अडचण चौकटी कंसाची आहे. आवृत्ती ३ च्या व्याकरणात गेटच्या नावापुढे चौकटी कंसात कालावधी देता येतो, म्हणून `जी[२०एनएस] क्यू[०];` आणि `सी[०] = मेझर क्यू[०];` या दोन्ही ओळी 'नाव आणि चौकटी कंस' अशाच सुरू होतात. मध्य रेल्वेच्या प्रवाशाला ही परिस्थिती पाठ असते: कल्याणपर्यंत मार्ग एकच असतो, कसाऱ्याकडे जायचे की कर्जतकडे हे कल्याणनंतर ठरते. पार्सरनेही तसेच करावे. नाव वाचावे, चौकटी कंसातला मजकूर अनुक्रमांकांची सर्वसाधारण यादी म्हणून वाचावा आणि कंस बंद झाल्यावरच निर्णय घ्यावा. पुढे बरोबरचे चिन्ह असेल तर आधी वाचलेला भाग हे मूल्य ठेवण्याचे लक्ष्य आहे. पुढे नाव किंवा प्रत्यक्ष क्यूबिट असेल तर ते गेट आहे आणि कंसात एकच राशी होती ना, एवढे तपासून घ्यावे. एकापुढे एक अनेक चौकटी कंस येऊ शकतात, कारण लक्ष्य एखाद्या अ‍ॅरेचा घटक असू शकते. म्हणून कंस वाचण्याचे काम एका चक्रात करावे.

बरोबरचे चिन्ह ओलांडल्यावर राशी वाचणारे फंक्शन लगेच बोलावू नये. आधी पुढचे टोकन 'मेझर' आहे का ते पाहावे. असेल तर मापनाचे फंक्शन बोलावावे, नसेल तरच राशीचे. हीच तपासणी घोषणेत आणि 'रिटर्न'नंतरही लागते, म्हणून तिचे एक छोटे स्वतंत्र फंक्शन करून ते तिन्ही ठिकाणी वापरावे.

मागे जाऊन पुन्हा वाचण्याची पद्धत येथे वापरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. तिने काम होते, पण ओळीत चूक असली की पार्सर शेवटच्या फसलेल्या प्रयत्नाचा संदेश देतो आणि मापन लिहिणाऱ्याला गेटविषयीची तक्रार वाचावी लागते. अँटलर ४ (व्याकरणावरून पार्सर तयार करून देणारे साधन) वापरणाऱ्यांना हा निर्णय स्वतः लिहावा लागत नाही, कारण ते साधन गरजेपुरती टोकने स्वतःच पुढे जाऊन पाहते.

७. वाक्यवृक्षात (पार्सरने वाचलेल्या प्रोग्रामच्या झाडासारख्या मांडणीत) मापनासाठी एक नोड करावा की दोन?

दोन करावेत. आतला नोड 'मापन' याचा असावा आणि त्यात फक्त कोणते क्यूबिट मोजायचे हे असावे. बाहेरचा नोड 'मापन विधान' याचा असावा. त्यात आतला नोड आणि उत्तर कोठे ठेवायचे ते लक्ष्य असावे, आणि हे लक्ष्य रिकामे राहू शकेल अशी सोय असावी. ओपन-कॅझम ३ च्या पायथनमधल्या संदर्भ पार्सरमध्येही अशीच विभागणी आहे. आतला नोड वेगळा असल्यामुळे तोच नोड घोषणेत आणि 'रिटर्न'मध्ये जसाच्या तसा बसतो.

बाणाची आणि बरोबरच्या चिन्हाची रचना एकाच नोडमध्ये आणावी, कारण दोन्हींचा अर्थ एकच आहे. मूळ ओळ जशी होती तशी पुन्हा छापणारे साधन लिहायचे असेल तर कोणती रचना होती याची एक खूण नोडमध्ये ठेवावी. प्रत्येक नोडसोबत फाइलमधले सुरुवातीचे आणि शेवटचे स्थान नोंदवावे, आणि लक्ष्याचे स्थान वेगळे नोंदवावे. प्रश्न ९ मधले संदेश त्याशिवाय नीट लिहिता येत नाहीत.

८. लक्ष्यच नसलेले `मेझर क्यू;` हे विधान वैध आहे का? उत्तर नको असेल तर मापन कशाला करायचे?

आवृत्ती ३ मध्ये ते वैध आहे, आवृत्ती २ मध्ये नाही. उत्तर साठवले नाही तरी मापनाचा परिणाम क्यूबिटवर होतोच आणि त्याच्याशी गुंतलेल्या इतर क्यूबिटांवरही होतो. म्हणून लक्ष्य नसलेला नोड वाक्यवृक्षात जपून ठेवावा. 'याचे मूल्य कोणी वापरत नाही' असे समजून पुढच्या टप्प्यात तो काढून टाकला तर प्रोग्रामचा अर्थ बदलतो. साध्या भाषांचे कंपायलर लिहून आलेल्यांकडून ही चूक सहज होते.

९. `मेझर क्यू -> सी;` यात क्यू ३ क्यूबिटांचा आणि सी २ बिटांचा असेल तर पार्सरने चूक दाखवावी का?

चूक दाखवावी, पण ती पार्सरने नव्हे, त्यानंतरच्या अर्थतपासणीने दाखवावी. पार्सरला फक्त नावे दिसतात. त्या नावांची घोषणा कोठे झाली, ती रजिस्टरची आहेत की नाहीत, त्यांचा आकार किती, हे सांगणारी तक्ता-यादी अर्थतपासणीकडे असते.

आवृत्ती २ चा नियम सरळ आहे. दोन्ही बाजूंना पूर्ण रजिस्टर असेल तर आकार सारखे हवेत आणि मग प्रत्येक क्यूबिट त्याच क्रमांकाच्या बिटात मोजला जातो. नाहीतर दोन्ही बाजूंना एकेक घटक हवा. एकीकडे पूर्ण रजिस्टर आणि दुसरीकडे एकच बिट हे चालत नाही. आवृत्ती ३ मध्येही आकार जुळावेच लागतात, पण अनुक्रमांक चक्रातल्या चलावरून येत असेल तर तो मर्यादेत आहे का हे प्रोग्राम चालण्यापूर्वी दरवेळी सांगता येत नाही. अशा वेळी तपासणीने खात्री असेल तेथेच चूक दाखवावी.

संदेशात दोन्ही आकार लिहावेत. 'आकार जुळत नाहीत' एवढ्याने काम होत नाही. 'क्यूमध्ये ३ क्यूबिट आहेत, सीमध्ये २ बिट आहेत' असे वाचल्यावर विद्यार्थी थेट घोषणेकडे जातो.

१०. `सी[०:२] = मेझर क्यू[०:२];` यात किती क्यूबिट मोजले जातात? मला दोन वाटले होते.

तीन मोजले जातात. ओपन-कॅझम ३ मध्ये पल्ल्याचे दोन्ही टोकांचे क्रमांक धरले जातात. पायथनमध्ये शेवटचा क्रमांक धरला जात नाही, म्हणून हा गोंधळ होतो. पार्सरने पल्ला आहे तसा वृक्षात ठेवावा आणि त्याचा आकार अर्थतपासणीत मोजावा. पायथनमध्ये पार्सर लिहिणाऱ्यांनी हा पल्ला भाषेच्या अंगभूत पल्ल्यात थेट रूपांतरित करू नये, एक क्यूबिट नकळत गळतो.

११. गेटच्या व्याख्येत मापन लिहिले तर काय करावे?

ते नाकारावे. गेटची व्याख्या ही उलटवता येणारी क्रिया असते आणि प्रश्न १ मध्ये सांगितल्याप्रमाणे मापन तसे नसते. याच कारणाने गेट उलटवणारा किंवा नियंत्रित करणारा उपसर्ग मापनापुढे लावता येत नाही.

आवृत्ती २ च्या व्याकरणात गेटच्या व्याख्येसाठी वेगळी मर्यादित यादी असल्यामुळे मापन आपोआप बाहेर राहते. तरीही आम्ही एक सोय करतो आणि तुम्हीही करावी. व्याख्येच्या आत 'मेझर' टोकन दिसले तर 'अनपेक्षित शब्द' असा कोरडा संदेश न देता मापनाचे पूर्ण विधान वाचून घ्यावे आणि 'गेटच्या व्याख्येत मापन करता येत नाही. ते गेटच्या बाहेर लिहा' असे सांगावे. जो ही चूक करतो त्याला व्याकरण येत असते, त्याचा गैरसमज भौतिकशास्त्रातला असतो, आणि संदेशाने तोच दूर करायला हवा.

आवृत्ती ३ मध्ये 'डेफ' या शब्दाने सुरू होणाऱ्या उपप्रोग्राममध्ये मात्र मापन चालते:

```
डेफ मोजा(क्यूबिट क्यू) -> बिट {
  रिटर्न मेझर क्यू;
}
```

येथे बाण परतीच्या प्रकारासाठी आला आहे, मापनासाठी नव्हे. टोकन एकच असले तरी अर्थ जागेवरून ठरतो, म्हणून लेक्सरमध्ये त्याला 'मापनाचा बाण' असे नाव देऊ नये.

१२. `इफ (मेझर क्यू[०]) एक्स क्यू[१];` हे का चालत नाही? वाचायला तर किती सोपे आहे.

'इफ'च्या कंसात राशी लागते आणि मापन राशी नाही. त्यामागची कारणे प्रश्न ५ मध्ये आहेत. आवृत्ती ३ मध्ये हेच दोन ओळींत लिहावे: `बिट बी = मेझर क्यू[०];` आणि त्यानंतर `इफ (बी) एक्स क्यू[१];`. पार्सरच्या संदेशानेही हाच उपाय सुचवावा.

उलट दिशेने, म्हणजे अटीखाली मापन करणे मात्र आवृत्ती २ मध्येही वैध आहे: `इफ(सी==१) मेझर क्यू[०] -> डी[०];`. तेथे तुलना पूर्ण साध्या रजिस्टरची आणि पूर्णांकाशीच करता येते, एकट्या बिटाची नाही. अटीखालच्या विधानात फक्त गेट वाचणारा पार्सर या ओळीवर अडतो, त्यामुळे चाचण्यांत ही ओळ असलीच पाहिजे.

१३. फाइलच्या माथ्यावर आवृत्ती २.० लिहिली आहे आणि आत `सी = मेझर क्यू;` आहे. स्वीकारावे का?

स्वीकारू नये, पण ओळ वाचून पूर्ण करावी आणि 'ही रचना आवृत्ती ३ मधली आहे. येथे बाण वापरा' असे सांगावे. उलट बाजूने पाहिले तर आवृत्ती ३ च्या फाइलमध्ये जुन्या पद्धतीच्या रजिस्टर-घोषणा आणि बाण दोन्ही चालतात. आवृत्ती २ मध्ये माथ्यावरची ओळ सक्तीची आहे, आवृत्ती ३ मध्ये ती ऐच्छिक आहे; म्हणून ओळ नसेल तर काय मानायचे हे ठरवून ते आपल्या दस्तऐवजात लिहून ठेवावे.

१४. अर्धविराम राहिला की पुढच्या सगळ्या ओळींवर चुका दिसतात. त्या कशा थांबवायच्या?

आमच्या पहिल्या पार्सरमध्ये हे घडले होते. त्यात नियम असा होता की चूक सापडली की पुढच्या अर्धविरामापर्यंत सर्व टोकने टाकून द्यायची. एका विद्यार्थिनीच्या फाइलमध्ये लागोपाठ चार मापने होती आणि दुसऱ्या ओळीचा अर्धविराम राहिला होता. पार्सरने तिसरी ओळ पूर्ण गिळली, चूक तिसऱ्या ओळीवर दाखवली आणि उरलेला वृक्ष पुढे दिला. तिच्या सर्किटमध्ये तिसरे मापनच नव्हते. तिने ती दुपार तिसऱ्या ओळीतली चूक शोधण्यात घालवली आणि त्या ओळीत चूक नव्हतीच. याचे आम्हाला आजही वाईट वाटते.

आता आम्ही दोन गोष्टी करतो. अर्धविराम अपेक्षित असताना जर विधानाची सुरुवात करणारा राखीव शब्द दिसला, तर अर्धविराम राहिला असे मानून आधीच्या टोकनच्या शेवटी चूक नोंदवतो आणि एकही टोकन न टाकता पुढचे विधान वाचतो. 'मेझर' हा असाच शब्द आहे, कारण बाणानंतरच्या लक्ष्यापुढे तो वैधपणे येऊच शकत नाही. बरोबरच्या चिन्हानंतर मात्र तो येतो. म्हणून ही तपासणी फक्त अर्धविरामाच्या जागी करावी, सरसकट करू नये. दुसरी गोष्ट अशी की एकही चूक नोंदली गेली असेल तर वृक्ष पुढे चालवायला देत नाही.

१५. चाचण्या कोणत्या लिहाव्यात?

वैध ओळींइतक्याच अवैध ओळी लिहाव्यात आणि प्रत्येक अवैध ओळीसोबत अपेक्षित संदेश व स्थान तपासावे. वरच्या उत्तरांतली प्रत्येक नमुना ओळ ही एक चाचणी आहे. त्याशिवाय वृक्षावरून मजकूर पुन्हा छापून तो परत वाचावा आणि दोन्ही वृक्ष सारखे आहेत का ते पाहावे.

पूर्ण प्रोग्राम म्हणून क्वांटम टेलिपोर्टेशन घ्यावे. १९९३ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत दोन क्यूबिट मोजून मिळालेल्या दोन बिटांवरून तिसऱ्या क्यूबिटवर एक्स आणि झेड गेट लावायची की नाही हे ठरते. गेट, मापन आणि मापनावर अवलंबून असलेली अट हे तिन्ही एका छोट्या फाइलमध्ये येते. आमच्याकडे नवा बदल या फाइलवर चालल्याशिवाय मुख्य शाखेत घेतला जात नाही.

१६. उत्तराचे बिट उलटे छापले जातात. हा पार्सरचा दोष आहे का?

बहुतेक वेळा नाही. किस्किटसारखी क्वांटम सर्किट चालवणारी साधने शून्य क्रमांकाचा बिट सर्वांत उजवीकडे छापतात, जसे संख्येत एकक स्थान उजवीकडे असते. `क्यू[०]` वर एक्स गेट लावून दोन क्यूबिट मोजले तर '०१' दिसते. खात्री करण्यासाठी वृक्ष छापून पाहावा. `क्यू[०]` चे लक्ष्य `सी[०]` असेल तर पार्सरने आपले काम बरोबर केले आहे. दिसणे सुधारण्यासाठी पार्सरमध्ये क्रम उलटवू नये.

१७. एक्स अक्षावर मापन करण्यासाठी वेगळी रचना आहे का?

ओपन-कॅझममध्ये नाही, 'मेझर' नेहमी झेड अक्षावरच मोजतो. एक्स अक्षासाठी मापनापूर्वी हॅडामार्ड गेट लावावे. वाय अक्षासाठी आधी एस गेटची उलट क्रिया आणि मग हॅडामार्ड लावावे. क्यू शार्पमध्ये अक्षांची यादी देऊन मापन करण्याची सोय आहे, त्यामुळे त्या भाषेवरून येणारे लोक ही रचना शोधतात. तुमच्या स्वतःच्या भाषेत ती सोय द्यायची असेल तर वृक्षातल्या 'मापन' नोडमध्ये अक्षासाठी जागा ठेवावी आणि ती रिकामी असेल तेव्हा झेड मानावा.

१८. मोजून झालेला क्यूबिट पुढच्या ओळीत पुन्हा वापरला तर निदान सूचना तरी द्यावी का?

पार्सरने काहीही म्हणू नये. मोजलेला क्यूबिट नाहीसा होत नाही. तो मिळालेल्या उत्तराच्या अवस्थेत राहतो आणि त्यावर पुन्हा गेट लावणे, 'रीसेट' करणे किंवा पुन्हा मोजणे हे सर्व वैध आहे. चुका दुरुस्त करणाऱ्या सर्किटांत तेच साहाय्यक क्यूबिट फेरीमागून फेरी मोजले जातात. एकदा मोजलेले नाव 'वापरून संपले' असे मानणारा नियम काही विद्यार्थ्यांनी उत्साहाने लिहिला होता. त्याने वर सांगितलेले टेलिपोर्टेशन चालले, कारण त्यात मोजलेल्या क्यूबिटांना पुन्हा हात लागत नाही, पण दुरुस्तीच्या सर्किटाची दुसरीच फेरी नाकारली गेली. अशी सूचना कोणाला हवीच असेल तर ती अर्थतपासणीनंतरच्या वेगळ्या साधनात असावी, मूळ अवस्थेत बंद असावी, आणि मधे 'रीसेट' आलेला असेल तर गप्प राहावी.